रोजची भाकर आणि कोठार

(वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘रोजच्या जीवनातले आशीर्वाद आणि उपकारस्तुती’. ऐकून बरं वाटलं आणि पाठोपाठ धास्तीही वाटली, कारण या विषयाला विरोध करणारा माणूस या सभागृहात सापडायचा नाही. देवाचे उपकार मानू नयेत असं कोण म्हणेल? आपण माना डोलावतो, ‘आमेन’ म्हणतो आणि चहाला उठतो. तेव्हा चहाला अवकाश आहे तोवर सुरुवात अशा एका उपकारस्तुतीनं करू, जी प्रभू येशूनं साफ नापास केली.

लूकच्या शुभवर्तमानात, १८ व्या अध्यायात ती सापडते. दोघे जण मंदिरात प्रार्थनेला जातात, एक परूशी आणि एक जकातदार. परूश्याची प्रार्थना सुरूच होते ती आभारानं. आभार कशाबद्दल? तर आपण इतर माणसांसारखे नाही याबद्दल, आणि मागे उभ्या असलेल्या त्या जकातदारासारखे तर नाहीच नाही याबद्दल. बरं, तो थापा मारत नाही. आठवड्यातून दोन उपास करतो, दशांश देतो. आपल्या मंडळीत असा सभासद असता तर आपण त्याला लगेच खजिनदार केलं असतं! पण नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार, ज्याच्या तोंडी आभाराचा एक शब्दही नाही.

आता आपल्या बैठकांमधल्या साक्षी आठवून पाहा. ‘कितीकांना दोन वेळचं मिळत नाही, आपल्याला मिळतं, प्रभूची स्तुती असो.’ ‘सरकारी दवाखान्यात एक चक्कर मारली की कळतं, देवानं आपल्याला किती सुखात ठेवलंय.’ बोलणाऱ्याच्या मनात पाप नसतं, हे मला मान्य. पण नीट बघितलं तर त्याला आपल्या ताटाची किंमत कळायला शेजारी एक रिकामं ताट लागतं. देवकृपेनं उद्या तेही ताट भरलं, तर याची स्तुती कमी व्हायची की काय?

यावर मला पटलेलं उत्तर निर्गमाच्या १६ व्या अध्यायात आहे. मिसरातून सुटलेले लोक रानात पोचले, पोटात कावळे ओरडू लागले आणि त्यांनी मोशेच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात केली. तिकडे निदान मांसाच्या हंड्याजवळ बसून पोटभर खात तरी होतो, म्हणाले. गुलामगिरीची एवढी गोड आठवण! आपण त्यांच्या जागी असतो तर निराळं काही बोललो असतो असं नाही. पण देव काय करतो ते पाहा. कुरकुर करणाऱ्यांनाच तो मान्ना देतो. ‘आधी आभार माना, मग वाढतो,’ अशी अट घालत नाही. सकाळी दव उडालं की जमिनीवर बारीक दाणे पडलेले असत. माणशी एक ओमर गोळा करायचं. ज्यानं जास्त वेचलं त्याचं मोजल्यावर जास्त भरलं नाही, ज्यानं कमी वेचलं त्याला कमी पडलं नाही.

मोशेचा राग अनावर झाल्याचं त्या अध्यायात जिथं येतं, ती जागा निराळी आहे. काही जणांनी ‘उद्याचा काय भरवसा’ म्हणून थोडं रात्रभर ठेवलं. सकाळी त्यात किडे पडले होते, घाण सुटली होती.

मला आज सांगायचं आहे ते एवढंच. उपकारस्तुतीच्या विरुद्ध टोकाला आपण तक्रार बसवतो, तिथं खरं तर साठवण बसवायला हवी.

पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावर शंका दिसते आहे आणि ती रास्त आहे. करिंथकरांना लिहिताना पौलानं याच रानातल्या कुरकुरीचं उदाहरण देऊन कान पिळले आहेत. शिवाय गणनेच्या पुस्तकात हेच लोक मान्ना खाऊन कंटाळले, मांस मागू लागले आणि त्याची जबर किंमत त्यांनी मोजली. हे मी नाकारत नाही. पण तिथली कुरकुर भुकेची राहिलेली नाही. पोट भरलेलं आहे, जीभ मागते आहे. उपाशी माणसाचं ओरडणं आणि तृप्त माणसाचं नाक मुरडणं यांना एकाच मापानं मोजू नये, एवढंच माझं म्हणणं. स्तोत्रसंहिता उघडा. कितीतरी स्तोत्रं तर गाऱ्हाणीच आहेत, आणि त्याच पुस्तकात १३६ वं स्तोत्र आहे, जे सृष्टीपासून सुरू करतं आणि २६ वेळा एकच पालुपद म्हणत शेवटी सगळ्या जिवांच्या अन्नापर्यंत येऊन थांबतं. गाऱ्हाणं आणि स्तुती एका पोथीत सुखानं नांदतात. 

दुसरी शंका शेतकऱ्याची. ‘साहेब, आम्ही कणगी भरू नये का? जुन्या वाड्यांत पेवं होती, ती काय पापाची?’ अजिबात नाही. मान्न्याच्या त्याच अध्यायात शब्बाथासाठी आदल्या दिवशी दुप्पट घ्यायला सांगितलं आहे आणि ते नासलं नाही. एक भांडंभर मान्ना पुढच्या पिढ्यांनी पाहावा म्हणून जपूनही ठेवला. पवित्र शास्त्रातली दोन मोठी कोठारं पाहा. एक योसेफाचं. सुकाळाच्या सात वर्षांत त्यानं धान्य भरलं ते दुष्काळाच्या सात वर्षांत देशाला खायला मिळावं म्हणून. (पुढे त्याच धान्यापायी लोकांची जनावरं आणि जमिनी फारोच्या घशात गेल्या, हे आपले प्रवचनकार सहसा सांगत नाहीत. चांगल्या हेतूच्या कोठारालाही कुलूप लागलं की काय होतं, ते उत्पत्तीच्या ४७ व्या अध्यायात वाचा.) दुसरं कोठार लूकच्या १२ व्या अध्यायातल्या श्रीमंताचं. पीक अमाप आलं, जुनी कोठारं पाडून मोठी बांधायची ठरली. त्याचं बोलणं ऐका. तो फक्त स्वतःशी बोलतो. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझा जीव. पाऊस त्यात नाही, नांगर धरणारा गडी नाही, मळणीला आलेली बाई नाही, शेजारी नाही, देव तर नाहीच. त्यानं कुणाचं काही लुबाडलं असंही दृष्टान्तात कुठं नाही. धान्य एकट्यानंच पिकवलं, असं त्याला खरोखर वाटत होतं.

परूश्याचंही दुसरं काय होतं? त्यानं पुण्य साठवलं होतं.

दुःखात उपकार कसे मानायचे, हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानानंतर कुणीतरी विचारतं. त्याला उत्तर म्हणून मी एका माणसाची हकिकत सांगतो. मार्टिन रिंकार्ट हा जर्मनीतल्या आयलेनबुर्ग गावचा पाळक. तीस वर्षांचं युद्ध चालू होतं आणि गावाच्या तटबंदीत निर्वासित येऊन कोंबले गेले होते. १६३७ मध्ये प्लेग आला. बाकीचे पाळक कुणी मेले, कुणी निघून गेले. त्या एका वर्षात या माणसानं ४,००० हून अधिक प्रेतांना माती दिली, त्यांत त्याची बायकोही होती. नंतर दुष्काळ पडला तेव्हा दाराशी आलेल्यांना होतं नव्हतं ते वाटून झालं आणि स्वतःच्या पोरांसाठी पुढचं उत्पन्न गहाण टाकायची पाळी आली. त्या युद्धाच्या काळात त्यानं घरच्यांनी जेवणाच्या वेळी म्हणावं म्हणून एक उपकारस्तुतीचं गीत रचलं. आज ते जगभरच्या मंडळ्यांत गायलं जातं, राज्याभिषेकात आणि विजयोत्सवातही गायलं जातं. ते मूळचं जेवणाच्या मेजावरचं आहे, एवढं गाताना ध्यानात राहिलं तरी पुरे.

पण जर्मनीपर्यंत जायची गरज नाही. दौंडजवळच्या केडगावपर्यंत गेलं तरी भागतं.

पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण हे सगळे १८७० च्या दशकातल्या दुष्काळात, उपासमारीनं खंगून गेले. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ही दोन भावंडं पायी हिंदुस्थानभर फिरली. पुढे आपल्या साक्षीत रमाबाईंनी त्या दिवसांबद्दल सांगितलं आहे. झेलमच्या काठी थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हतं, तेव्हा दोघांनी थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत उतरले आणि गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली. भूक लागली की रानातली फळं खायची. पंचविशीच्या आत हे सगळं भोगून झालेली ही बाई. तिनं ‘इतके मेले, मी वाचले, देवाची कृपा’ असं म्हणून जन्मभर साक्ष दिली असती तरी कुणी नावं ठेवली नसती. उलट टाळ्या पडल्या असत्या.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या. १९०० च्या आगेमागे गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिकडूनही आणल्या. त्यांची उपकारस्तुती ही अशी. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, शेती केली, मुक्तिसदन उभं केलं, मुलींच्या हाती माग दिले, छापखाना दिला. साध्या मराठीत बायबल आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं, तेही वय झाल्यावर. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या, भाषांतर मात्र हातावेगळं करून गेल्या. ते संपूर्ण छापून बाहेर पडलं १९२४ मध्ये. खिळे जुळवणारे हात मुक्तीच्या मुलींचे होते.

आता पाण्याकडे वळू. रोजच्या आशीर्वादांची यादी करायला कुणालाही बसवा, हवा, पाणी, सूर्यप्रकाश ही पहिली तीन नावं येतात. पाणी किती सहज लिहून टाकतो आपण! आज इथं बसलेल्या पुष्कळांचे पणजोबा-खापरपणजोबा नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून ख्रिस्ताकडे आले. अमेरिकन मराठी मिशन नगरात आलं १८३१ मध्ये. त्या काळी, आणि नंतरही शंभर वर्षं, गावच्या विहिरीवर आपल्या आजीला दोर टाकता येत नव्हता. घागर खाली ठेवायची, चार हात लांब उभं राहायचं आणि ‘आई, वाढा पाणी’ म्हणत वाट बघायची. कुणाला दया आली तर वरून धार पडायची, तीही घागरीला पोहरा लागू न देता. उन्हाळ्यात सकाळची दुपार व्हायची. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्याची बातमी झाली. डॉ. आंबेडकरांनी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याचा इतिहास झाला. एका ओंजळीचा इतिहास व्हावा अशी ही भूमी.

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू म्हणतो की बाप भल्यांवर आणि बुऱ्यांवर सारखाच पाऊस पाडतो. तो तर पाडतोच. पण पडलेलं पाणी विहिरीत उतरलं की त्याला मालक मिळतो, पाटी लागते, पहारा बसतो. तेव्हा पाण्याबद्दल देवाचे उपकार मानणाऱ्यानं, विहिरीवर ताटकळत कोण उभं आहे हेही पाहिलं पाहिजे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण सगळ्यांनी वाचली आहेत, निदान शाळेत धडा तरी वाचला आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहायला आल्या, पण आपलं सोवळं, आपला स्वयंपाक, आपलं पाणी वेगळं सांभाळून. नवरा ख्रिस्ती, घर त्याचं, आणि घरात ही एक दुसरी चूल. त्या देवभोळ्या होत्या, खोट्या नव्हत्या. पुढे जात माणसाची, देवाची नव्हे, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं असं त्यांनी ठरवून टाकलं. हे बाप्तिस्मा घेण्याआधी घडलं, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. म्हणजे त्यांच्या बाबतीत पाण्याचा पेला आधी आला, बाप्तिस्म्याचं पाणी मागाहून. आणि आपण फार फुशारू नये, कारण हिंदुस्थानातल्या मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या एकाच प्याल्याला कोण आधी ओठ लावणार यावरूनही कुरबुरी झालेल्या आहेत.

देव रोजचा आशीर्वाद देतो तो बहुधा कुणाच्या तरी हातून देतो. तो हात न घेता देणं तेवढं घ्यायचं, हीसुद्धा एक साठवणच.

ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांच्या घरी जेवलेले लोक इथं आहेत. मास्तरांची जेवणाआधीची प्रार्थना फार आखूड असे, कारण त्यांच्या मते बाजरीची भाकरी थंड करून देवाची स्तुती होत नाही. (आपल्यातल्या लांबण लावणाऱ्या बंधूंनी हे मनावर घ्यावं.) पण त्या आखूड प्रार्थनेत ते माणसं घालत. शेत खुरपणाऱ्या बाया, गिरणीवाला, सरपण आणून टाकणारा, चुलीपुढची. गिरणीवाला मुसलमान होता, खुरपणाऱ्या बाया वंजारी होत्या. त्यांना याचा पत्ताही नव्हता. मास्तर आमेन म्हणत आणि कोरड्यासाकडे हात नेत.

अनुवादाच्या पुस्तकात, २६ व्या अध्यायात कापणीच्या पहिल्या उपजाची टोपली देवापुढे ठेवायचा विधी आहे. ती ठेवताना शेतकऱ्यानं आपल्या तोंडानं कुळकथा सांगायची असते की आमचा पूर्वज भटका होता, आम्ही परक्या देशात गुलाम होतो, आम्ही आक्रोश केला आणि देवानं ऐकलं. म्हणजे उपकारस्तुतीत गाऱ्हाणं आलंच. आणि टोपली ठेवली की विधी संपत नाही. लेवी आणि गावात राहणारा परदेशी यांना बरोबर घेऊन आनंद करायचा, हेही तिथंच सांगितलं आहे.

मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन बांधवांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळात आणतात, फादर आशीर्वाद देतात. शेतं बिल्डरांनी गिळली तरी काही गावठाणांत लोंब्या कुठून कुठून मिळवून सण चालू ठेवला आहे. आपल्याकडे कापणीचा सण कुठं दिवाळीच्या सुमारास, कुठं शाळू निघाल्यावर. उपासना संपली की देवळाच्या पटांगणात लिलाव, तो तर लहान पोरांना उपासनेपेक्षा आवडतो. वेदीपुढे मांडलेलं सगळं बाहेर येतं. कणसांच्या पेंढ्या, गुळाच्या ढेपा, अंडी, पाय बांधलेला कोंबडा, दोन हात लांबीचा दुधी. बोली लागते. वीस रुपयांचा दुधी चारशेला जातो आणि घेणारा तो घरी नेत नाही, ‘पुन्हा लावा’ म्हणतो. दुसऱ्याला तो तीनशेला पडतो. तोही म्हणतो, पुन्हा लावा. दुपारपर्यंत एकच दुधी तीन जणांनी विकत घेतलेला असतो आणि तो कुणाचाच नसतो. मान्न्याच्या अध्यायावर याहून चांगलं भाष्य मी कुठल्या टीकाग्रंथात वाचलेलं नाही.

तरी एक उणीव आहे. पावत्या फाटतात, पैसे मंडळीच्या खात्यात जातात, देवळाचे पत्रे बदलतात. चांगलंच आहे. पण अनुवादातला तो गावात राहणारा परदेशी आपल्या पटांगणात दिसत नाही. तो फार लांब नाही. दसऱ्यानंतर साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, बीडकडून, पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि आपल्या शिवारातच कोप्या घालतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. आपण चहात घालतो ती साखर त्यांच्या हातून येते. त्यांच्या बाया पिण्याचं पाणी भरायला कुणाच्या तरी बोअरवर घागरी घेऊन उभ्या असतात, मालक मोटार कधी चालू करतो याची वाट बघत. त्या घागरी मी पाहिल्या आहेत, तुम्हीही येता-जाता पाहता.

म्हणून यंदाच्या सणासाठी पंचकमिटीपुढे एक सूचना ठेवतो. लिलावातला पैसा यंदा पत्र्यांना न देता जेवणाला द्यावा आणि टोळीला बोलवावं. अडचणी आहेत. आपलं प्रीतिभोजन रविवारी दुपारी असतं आणि त्या वेळी माणसं फडात असतात. ती पहाटे अंधारात निघतात, आणि संध्याकाळी गाडी भरायची असली तर रात्री नऊलाही मोकळी होत नाहीत. तेव्हा जेवण रात्री ठेवावं लागेल आणि पातेली कोप्यांवरच न्यावी लागतील. तरुण संघाकडे एक ट्रॅक्टर आहे. जाताना पाण्याचा टँकर जोडून न्यावा, आणि बोअरच्या मालकांपैकी दोघे आपल्याच मंडळीचे आहेत, त्यांच्याशी मोटारीच्या वेळेचं बोलून घ्यावं. महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी मघाशी येता येता विचारलं, भाकरी किती लागतील? मुकादमाकडून कोयत्यांचा आकडा घ्या, त्याची दुप्पट माणसं धरा आणि पोरं वेगळी मोजा, मुकादम पोरं मोजत नाही.